परतीची वही

बाबांच्या दुकानात गल्ल्याच्या बाजूला भिंतीत एक खिळा होता आणि त्या खिळ्याला सुतळीनं एक शंभर पानी वही टांगलेली असायची. वर निळ्या शाईत फक्त "परत" लिहिलेलं. मालवणच्या बाजारातलं आमचं स्टेशनरीचं दुकान, वह्या-पेनं, कंपासपेट्या, दिवाळीला फटाके, आणि गावात मुंबईचं नाटक यायचं ठरलं की आठ-दहा दिवस आधी त्याचा प्लॅन आमच्याकडे लागायचा.

हल्लीच्या पोरांना प्लॅन म्हणजे काय ते सांगावं लागतं. एक मोठा कागद, त्यावर खुर्च्यांचे चौकोन आखलेले, प्रत्येक चौकोनात नंबर. तिकीट विकलं की बाबा त्या चौकोनावर लाल पेन्सिलीनं तिरकी रेघ मारायचे. ती रेघ मारायला मिळावी म्हणून मी शाळा सुटली की घरी न जाता तशीच दप्तर घेऊन दुकानात. तेव्हा नाटक पटांगणावर व्हायचं, चारी बाजूंनी पत्रे लावलेले, लोखंडी घडीच्या खुर्च्या, पाठीवर खडूनं नंबर. पुढच्या ओळीचं तिकीट तीस रुपये, मग वीस, आणि अगदी शेवटच्या दोन ओळी दहा रुपयांच्या. त्या दहा रुपयांच्या दोन ओळी बाबा आधी विकायचेच नाहीत. वाड्यांवरून चालत येणारी माणसं प्रयोगाच्या दिवशीच येतात, त्यांच्याकडे आठ दिवस आधी येऊन बुकिंग करायला वेळ कुठला, असं ते म्हणायचे.

आणि ती वही. कुणाच्या घरी सुतक पडलं, पोराला ताप आला, नवरा ट्रॉलरवर गेलाय तो अजून आला नाही, अशी कारणं घेऊन लोक तिकीट परत करायला यायचे. बाबा कुरकुर न करता पैसे परत द्यायचे, प्लॅनवरची रेघ रबरानं पुसायचे आणि वही काढायचे. प्लॅन फुल झाल्यावर जे हात हलवत परत गेलेले असायचे त्यांची नावं त्या वहीत ओळीनं लिहिलेली. पहिलं नाव बघायचं, शेजारच्या पोराला सायकलवरून निरोप द्यायला पाठवायचं, "एक तिकीट सुटलंय, हवं का विचारलंय". तीस रुपयाला परत आलेलं तिकीट तीस रुपयालाच जायचं. बाबांना मंडळाकडून दोन पास मिळायचे, बाकी काही नाही.

मी आठवीत असेन तेव्हाची गोष्ट. एका नाटकाची पुढची बारा तिकिटं एकाच माणसानं नेली, घरी पाहुणे आलेत म्हणाला. बाबांनी दिली, न देण्याचं काही कारणच नव्हतं. प्रयोगाच्या रात्री तो माणूस गेटच्या बाहेर पेट्रोमॅक्सच्या उजेडात तीसचं तिकीट साठला विकत होता. आम्हाला हे कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी, कारण आमच्या शाळेतल्या एक बाई दुकानात आल्या. त्या काही भांडायला आल्या नव्हत्या. त्यांनी साठ रुपये देऊन नाटक बघितलं होतं, नाटक आवडलंही होतं. त्या फक्त म्हणाल्या, "वहीत माझं नाव पहिलं होतं ना हो?"

बाबा त्या दिवशी जेवताना एक शब्द बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांनी बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, त्यावर "एका माणसाला चारच तिकिटे" असं लिहिलं आणि काउंटरवर उभा करून ठेवला. पुढं दुकान कायमचं बंद होईपर्यंत तो पुठ्ठा तिथंच होता, कडा पार कुरतडलेल्या.

हे सगळं मला आठवलं ते २२ सप्टेंबर २०२४ ला. रविवार होता. आमच्या सासरी कुडाळजवळच्या गावात एकवीस दिवसांचा गणपती असतो, त्यामुळे घर माणसांनी भरलेलं. माझी लेक नवी मुंबईत नोकरी करते, ती सुट्टी काढून आलेली. आणि त्याच दिवशी दुपारी बारा वाजता कोल्डप्ले या इंग्लंडच्या बँडच्या कार्यक्रमांची तिकिटं सुटणार होती. आमच्या घरात रेंज नाही, खळ्यात विहिरीच्या कठड्यापाशी उभं राहिलं तरच दोन दांड्या येतात. म्हणून साडेअकरापासून लेक, पुतण्या आणि शेजारचा एक मुलगा असे तिघं आपापले मोबाइल घेऊन विहिरीला चिकटून उभे. आत माझी मोदकांची तयारी चाललेली आणि मधून मधून मी बाहेर डोकावतेय. बारा वाजले, आणि स्क्रीनवर नंबर आला. रांगेत तुमच्या पुढं अमुक इतके लाख लोक. लेकीनं तो आकडा मला दाखवला तेव्हा मला आधी वाटलं हा फोन नंबर आहे.

तीन कार्यक्रम होते, १८, १९ आणि २१ जानेवारी २०२५, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. तिकिटं अडीच हजारापासून पस्तीस हजारापर्यंत. लेकीनं अडीच हजारवाल्यासाठी पैसे बाजूला काढले होते, अगदीच नाही तर साडेतीन-चार हजार, त्याच्या पुढं नाही असं तिनं स्वतःला बजावलेलं. नाही मिळालं. लाखो लोकांना नाही मिळालं, तिलाही नाही, याचं तिला एवढं वाईट वाटलं नसतं. पण त्याच संध्याकाळी आरती चालू असताना पुतण्याच्या मोबाइलवर दुसऱ्याच कुठल्या साइटवर तीच तिकिटं दिसायला लागली, कुठं पाचपट, कुठं दहापट, आणि पुढच्या दोन-चार दिवसांत तर पेपरात लाखाच्या वरचे भाव छापून आले. लेक म्हणाली, "आई, एवढी तिकिटं यांच्याकडे आली कशी? आम्ही तर बाराच्या ठोक्याला लाइनीत होतो."

वहीत माझं नाव पहिलं होतं ना हो. तेच वाक्य, फक्त माणूस बदललं.

पुढं त्यावरून बरंच काही झालं. पोलिसांकडे तक्रारी गेल्या, चौकशी झाली, मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकाही झाली. जानेवारी २०२५ मध्ये कोर्टानं ती फेटाळली, म्हणजे कोर्टाचं म्हणणं असं की यावर कायदा-नियम करायचे तर ते विधिमंडळाचं आणि सरकारचं काम. मला कायद्यातलं फार कळत नाही पण कोर्टाचं हे म्हणणं मला पटलं. कारण आपल्याकडे रेल्वेच्या तिकिटासाठी असा कायदा आहे की. रेल्वे कायदा १९८९, कलम १४३, परवानगी नसताना तिकिटं काढून धंदा म्हणून विकली तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कोकणात हे कलम नंबरासकट माहीत असलेली माणसं भेटतील तुम्हाला, कारण गणपतीला गावी यायचं तर कोकणकन्या, तुतारी, मांडवी सगळ्या मिनिटा-दोन मिनिटांत वेटिंगला जातात आणि मग रिग्रेट, म्हणजे वेटिंगचंही तिकीट बंद. प्रायव्हेट बसचंही तसंच, २०१८ मध्ये राज्य सरकारनं नियम काढला की एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घ्यायचं नाही. सणाच्या आधी तो किती पाळला जातो ते प्रत्येक चाकरमान्याला विचारा. पण निदान नियम आहे, भांडायला काहीतरी हातात आहे.

इथं एक गोष्ट लिहायलाच हवी, नाहीतर हा लेख खोटा होईल. मी स्वतः ब्लॅकनं तिकीट घेतलंय. २०१७ च्या गणपतीआधी सासूबाईंना मुंबईत डॉक्टरांना दाखवून परत आणायचं होतं, त्यांना बसचा प्रवास झेपणारा नव्हता, आणि एका एजंटानं दोन सीटमागे बाराशे रुपये वर घेऊन तिकिटं दिली. मी मुकाट्यानं मोजले. त्या रात्री गाडीत सासूबाई शांत झोपल्या होत्या आणि मला झोप नव्हती. समोरच्या बर्थजवळ खाली वर्तमानपत्र पसरून एक बाई पोराला मांडीवर घेऊन बसलेली, रत्नागिरीला उतरली. मला पैसे गेल्याचं काहीच नव्हतं. मला सारखं वाटत होतं की माझी सीट मी कुणाच्या तरी नावावर रेघ मारून घेतलीये.

आता दर वाढण्याबद्दल. हे दोन विषय लोक एकत्र करतात आणि तिथंच चर्चेचा चिखल होतो असं मला वाटतं. तिकिटाचा दर वाढणं वेगळं आणि घेतलेलं तिकीट चढ्या भावानं विकणं वेगळं. आज आमच्याकडे मुंबईचं नाटक आलं तर पुढच्या ओळीचं तिकीट चारशे-पाचशे असतं. लोक म्हणतात केवढं महाग झालं. पण बघा ना, सेटचा टेम्पो आणि कलाकारांची बस मुंबईहून साडेचारशे-पाचशे किलोमीटर येणार, हायवेची अवस्था आपण सगळे जाणतोच, मग हॉलचं भाडं, लाइट, साउंड, राहणं, जेवण, बॅकस्टेजच्या पोरांची नाइट, म्हणजे प्रयोगामागचे पैसे. बरं नाटकाच्या पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी नाही, त्याच्या वर गेलं की १८ टक्के लागतो, म्हणून कितीतरी निर्माते पाचशेच्या आत थांबायची धडपड करतात. तेवढ्यात सगळं बसवायचं म्हणजे खायचं काम नाही. मी पाचशे रुपये आनंदानं देते. ते पैसे ज्यानं रात्रभर प्रवास करून येऊन माझ्यासमोर घाम गाळला त्याच्याकडे जातायत. उद्या त्यानं सातशे केले तर मी वर्षाला चारच्या जागी तीन नाटकं बघीन, पण चिडणार नाही.

फक्त एक आहे, भाव आधी सांगा. ऑगस्ट २०२४ मध्ये ओअॅसिस या इंग्लंडच्या बँडची तिकिटं निघाली तेव्हा लोक तासन् तास ऑनलाइन रांगेत थांबले आणि नंबर लागेपर्यंत दीडशे पौंडांच्या आसपासचं तिकीट ३५५ वर गेलेलं. स्वस्तातली संपली की तशाच तिकिटांना पुढचा चढा भाव, आणि रांगेतल्या लोकांना ते आधी नीट सांगितलेलंच नव्हतं. आमच्या बाजारात मावशी पापलेटाचा भाव सांगते, मी घासाघीस करते, जमलं तर घेते नाहीतर पुढं जाते. पण तिनं एकदा भाव सांगितला आणि मी पिशवी उघडली की मग मधेच वाढवून सांगत नाही. सांगितला तर पुढच्या आठवड्यात तिच्याकडे कोण जाईल.

माझा भाचा पुण्यात फायनान्समध्ये आहे. दिवाळीत आलेला तेव्हा त्याच्याशी यावर चांगलंच वाजलं. त्याचं म्हणणं, मावशी, तिकीट अडीच हजाराला ठेवलं हीच मूळ चूक. लोक पंधरा हजार द्यायला तयार आहेत याचा अर्थ त्याची खरी किंमत पंधरा हजार आहे, ब्लॅकवाला फक्त ती शोधून काढतो, आणि तो रिस्क पण घेतो, तिकीट खपलं नाही तर पैसे त्याचेच बुडतात. पोरगा हुशार आहे आणि मी त्याचं म्हणणं उडवून लावलं नाही, दोन-तीन दिवस माझ्या डोक्यात तेच चालू होतं. मग मला उत्तर सापडलं ते आमच्या आंब्याच्या बागेत.

आमची देवगडच्या बाजूला माहेरची थोडी कलमं आहेत, ती बरीच वर्षं करारानं देतो. घेणारा मोहर बघून किंवा कधी त्याच्या आधीच पैसे ठरवतो. पुढं अवकाळी पाऊस पडला, थंडी कमी झाली, तुडतुडे आले, थ्रिप्सची कीड आली तर नुकसान त्याचं. पण तो नुसता पैसे लावून घरी बसत नाही. तो फवारण्या करतो, रात्री राखण ठेवतो, माकडं हाकतो, झेल्यानं एकेक फळ उतरवतो, आढीत घालतो, पेटी भरून वाशीला पाठवतो. मग त्यानं आमच्याकडून घेतल्याच्या दुप्पट कमावले तर आमच्या पोटात दुखत नाही. आणि फेब्रुवारीतली पहिली पेटी भले कितीही हजारांना जावो, मे महिन्यात तोच हापूस खाली उतरतो आणि ज्याला तेव्हा परवडला नाही तोही चार फळं घरी नेतो. स्टेडियममधल्या खुर्च्यांना मे महिना येत नाही. आहेत तेवढ्याच आहेत. तिकिटं गोळा करणाऱ्यानं त्यात एक खुर्ची वाढवली नाही, एक फवारणी केली नाही. उलट त्यानं आधी शेकड्यांनी उचलून टंचाई केली आणि मग त्याच टंचाईचा भाव लावला. काही जण तर हातात तिकीट नसतानाच विकायला लावतात, पुढं मिळालं तर देऊ म्हणून. याला रिस्क घेणं कसं म्हणायचं? आणि कार्यक्रम रद्द झाला तर लोक गायकाला, आयोजकाला शिव्या घालणार, याचं नावही कुणाला माहीत नसणार.

भाच्याला मी हे फोनवर सांगितलं. तो म्हणाला बघतो विचार करून. तेवढं पुरे.

पण मग तिकीट विकूच नये का? इथं मला वहीकडे परत यावं लागतं. माणसाला अडचण येते. चार महिने आधी काढलेल्या तिकिटाच्या दिवशी कुणाची परीक्षा निघते, कुणी आजारी पडतं. बऱ्याच ठिकाणी आज तिकीट परतच घेत नाहीत, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, मग तो माणूस बिचारा काय करणार, तोही व्हॉट्सअॅपवर टाकतो, आणि तिथं त्याला दिसतं की लोक दुप्पट द्यायला तयार आहेत, आणि मग दोन हजाराचं तिकीट विकताना चार हजार नाही म्हणणं किती अवघड असतं हे मी समजू शकते. परतीची सोय बंद केली की सरळ माणूसही त्या वाटेला लागतो. म्हणून मला वाटतं नुसती बंदी घालून भागणार नाही, जिथून तिकीट घेतलं तिथंच ते त्याच किमतीला परत देता आलं पाहिजे, हवी तर वर थोडी फी घ्या, आणि ते रांगेतल्या पुढच्या माणसाला गेलं पाहिजे. कॉम्प्युटरला हे काय अवघड आहे, बाबा एका सुतळीवर करत होते.

बाहेर हे होतंय. आयर्लंडनं २०२१ मध्ये कायदा केला, मोठ्या कार्यक्रमांचं तिकीट छापील किमतीपेक्षा जास्तीनं विकता येत नाही. जपानमध्ये २०१९ पासून तसा कायदा लागू आहे, नावाचं तिकीट परवानगी नसताना छापील किमतीपेक्षा जास्तीनं धंदा म्हणून विकणं गुन्हा. इंग्लंडच्या सरकारनं नोव्हेंबर २०२५ मध्ये तसंच करणार म्हणून जाहीर केलं. अमेरिकेत तर पहिल्यांदा तिकीट विकणारी कंपनीच पुन्हा विकायचं दुकानही चालवते, दोन्ही वेळा फी घेते, तिथं सरकारनं मे २०२४ मध्ये तिकीटमास्टर आणि तिची मालक कंपनी लाइव्ह नेशनवर मक्तेदारीचा खटला भरला. म्हणजे हा काही कुणाच्या गावठी मनातला भाबडा हट्ट नाहीये.

लेकीनं शेवटी कोल्डप्ले घरूनच बघितलं, २६ जानेवारीचा अहमदाबादचा कार्यक्रम मोबाइलवर लाइव्ह दाखवला होता. मला व्हिडिओ कॉल करून तिनं दोन गाणी ऐकवली. छान होती. पण ती मधेच म्हणाली की तिथं असते तर वेगळं असतं, आणि मी काही बोलले नाही कारण ते खरंच होतं.

गेल्या मार्गशीर्षात ती आली तेव्हा आम्ही दोघी शेजारच्या गावच्या जत्रेला गेलो. रात्री दशावतार, त्याला तिकीट नसतं, देवस्थान आणि गाव मिळून कंपनीला बोलावतं. आम्ही पोचलो तेव्हा अकरा वाजून गेलेले, देवळासमोर सगळी जमीन चटयांनी भरलेली. पायपेटी नुकतीच सुरू झालेली, मृदंगवाला पुडीला हात लावून बघतोय. पुढून तिसऱ्या रांगेत एक मोठी प्लॅस्टिकची चटई अंथरलेली होती, चार माणसं आरामात बसतील एवढी, आणि तिच्यावर कोणीच नव्हतं, फक्त एका कोपऱ्यावर चपलांचा जोड ठेवलेला. आमच्या पुढं एक बाई दोन पोरांना घेऊन उभी, बसायला जागा शोधतेय. चटईच्या कडेला एक म्हातारी बसली होती, नऊवारी, कानाला स्कार्फ बांधलेला. तिनं शेजारच्या बाप्याला विचारलं,

"ही चटय कोणाची रे?"

"माझ्या भावाची. तो येतलो."

"कधी येतलो?"

"येतलो गे, जेवान करून."

म्हातारीनं त्या चपला उचलल्या, त्या माणसाच्या मांडीशी नीट नेऊन ठेवल्या, आणि पोरांच्या आईला हातानं खूण केली.

"येय गो, बस. तो इलो की बगूया. तवसर ह्या पोरांका संकासूर बगांदे."

ती बाई बसली. थोडं सरकून तिनं आमच्यासाठीही हातभर जागा केली. पहाटे चार वाजता आम्ही उठलो तेव्हा दोन्ही पोरं चटईवर आडवी झोपलेली होती, आणि भाऊ आला होता, तो त्यांच्या पायाशी मांडी घालून नाटक बघत बसला होता.